मंत्रजप सुरू करताय? आधी खर्च समजून घ्या

मंत्राला किंमत नसते. पैसे लागतात ते शिकवणाऱ्याच्या वेळेचे, खोलीचे, जेवणाचे, प्रवासाचे आणि पुष्कळदा नुसत्या नावाचे. चौकशीला गेलात की या सगळ्याची मिळून एकच रक्कम तुमच्यापुढे ठेवली जाते. ती फोडून मागा. शिकवणी किती, राहणं-जेवण किती, साहित्य किती. जो सरळ उत्तर देतो त्याच्याकडे पुढचं बोला.

त्याआधी एक काम करा. पहिले चाळीस दिवस शिकवणीसाठी कुणालाही एक रुपयाही देऊ नका. घरी बसून जप करा. चाळीस दिवसांत किमान तीस दिवस बसणं झालं, तर पुढे शिबिराचा विचार करा. पंधरा दिवसांतच सुटलं, तर हजारो रुपये भरूनही ते सुटलंच असतं, फक्त वर हळहळ राहिली असती.

घरच्या घरी

कोणता मंत्र? घरात जो चालत आलाय तो. राम, विठ्ठल, ॐ नमः शिवाय, श्री स्वामी समर्थ, किंवा नुसता ओंकार. देवाचं नाव नको असेल तर श्वास आत घेताना ‘सो’, सोडताना ‘हम्’, एवढंही पुरतं. नामजपाला दीक्षा लागत नाही. बीजमंत्र आणि लांबलचक तांत्रिक मंत्र मात्र मोबाइलवर ऐकून सुरू करू नका; परंपरेत ते शिकवणाऱ्यासमोर बसूनच घेतात. एक मंत्र निवडलात की चाळीस दिवस तोच. दर आठवड्याला मंत्र बदलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

वेळ कोणती? पहाट उत्तम, पण पहाटेचा हट्ट धरून महिनाभर सुरुवातच होत नसेल तर रात्री साडेनऊला बसा. पोट भरलेलं नको, फोन खोलीबाहेर हवा, आणि जागा रोज तीच. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले आणि पाठ सरळ असली म्हणजे झालं. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसायचा आग्रह कुणी धरत असेल तर ऐकू नका. लोकलमध्ये, स्वयंपाक करताना मनात नाम चालू ठेवणं चांगलंच, पण ते बैठकीच्या वरचं, बैठकीऐवजी नव्हे.

बसायचं कसं? दोन मिनिटं नुसतं शांत बसा. मग पहिली माळ हलक्या आवाजात, दुसरी फक्त ओठ हलतील अशी, तिसरी मनात. शास्त्रात यांना वाचिक, उपांशु आणि मानसिक म्हणतात. थेट मानसिक जपाला बसलात तर पाच मिनिटांत एकतर झोप येते, नाहीतर किराण्याची यादी सुरू होते. मन भटकलं की पुन्हा मंत्रावर आणायचं, चिडायचं नाही. शेवटी लगेच उठू नका, आणखी दोन मिनिटं डोळे मिटून राहा.

किती वेळ जाईल, याचा अंदाज आधीच घ्या, कारण बहुतेकांची सुरुवात इथेच फसते. ‘ॐ नमः शिवाय’ला दोन सेकंद धरले तर १०८ जपांना साडेतीन-चार मिनिटं. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरांना तीन सेकंद धरले तर माळेला साडेपाच मिनिटं. गायत्री मंत्र सावकाश म्हटला की माळेला सोळा मिनिटं जातात. ‘श्री स्वामी समर्थ’च्या अकरा माळा म्हणजे चाळीस मिनिटं. इस्कॉनमध्ये सांगतात त्या महामंत्राच्या रोजच्या सोळा माळा म्हणजे १,७२८ वेळा मंत्र. चार सेकंदांच्या वेगानं जवळजवळ दोन तास. नोकरी, मुलं, घरातलं आजारपण सांभाळून तुम्हाला रोज किती मिनिटं निघतात ते पाहा आणि त्यावरून माळा ठरवा. आधी माळांचा आकडा ठरवून वेळेची ओढाताण करू नका. पंधरा मिनिटांनी सुरुवात करा.

माळ: इथेच पहिला खिसा कापला जातो

माळ नसली तरी अडत नाही. अंगठा सोडून हाताच्या चार बोटांची पेरं बारा. अशा नऊ फेऱ्या झाल्या की १०८. फेऱ्या दुसऱ्या हातावर मोजा. खर्च शून्य.

माळ हवीच असेल तर साधी तुळशीची घ्या. देहू, आळंदी, पंढरपूरला देवळाबाहेर ती पन्नासापासून दोनशे रुपयांपर्यंत मिळते. मणी १०८ आणि वर एक मेरुमणी, हे घेतानाच मोजून पाहा. स्वस्त माळेत मणी कमी-जास्त निघतात. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. मणी मधल्या बोटावर अंगठ्यानं ओढायचा, तर्जनी लावायची नाही. माळ झाकायची पिशवी, म्हणजे गोमुखी, घरीच जुन्या सुती कापडाची शिवता येते. आसन म्हणून घरातली घोंगडी किंवा जाड सतरंजी पुरते. बोटात घालायचा आकडे मोजणारा काउंटर शंभर-दीडशेत येतो, पण तो हातात असला की लक्ष मंत्रावरून आकड्यावर जातं. मी तो घेऊ नका असंच सांगेन.

रुद्राक्षाच्या बाबतीत जास्त सावध राहा. पंचमुखी हा सर्वांत जास्त पिकणारा, म्हणून सर्वांत स्वस्त रुद्राक्ष आहे. त्याची साधी माळ काही शे रुपयांत यायला हवी. बारीक मणी बहुधा इंडोनेशियाचे, मोठे नेपाळचे. आकारानं भाव वाढतो, जपाला फरक पडत नाही. एकमुखी, गौरीशंकर, चौदामुखी अशी नावं घेत कुणी हजारांत बोलू लागला तर उठा. दुर्मिळ मण्यांत कोरलेली आणि चिकटवलेली नक्कल भरपूर चालते. ‘पाण्यात बुडला म्हणजे खरा’ ही परीक्षा भरवशाची नाही. जड केलेला खोटा मणीही बुडतो आणि सुकलेला खरा तरंगू शकतो. खात्री हवी असेल तर एक्स-रे काढणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला मागा. आत जितके कप्पे तितकी मुखं, हे त्यात दिसतं.

‘सिद्ध केलेली’, ‘अभिमंत्रित’, ‘प्राणप्रतिष्ठा केलेली’ या शब्दांचे वेगळे पैसे देऊ नका. दोनशेची माळ दोन हजारांची होते ती याच शब्दांनी, आणि तो फरक तपासायचं कुठलंही साधन तुमच्याकडे नसतं.

शिकायला कुठे जायचं?

आधी पैसे न मागणाऱ्या जागा. साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दहिवडी आणि म्हसवडच्या मध्ये, माण तालुक्यातलं गोंदवले बुद्रुक. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचं (१८४५–१९१३) समाधिमंदिर इथे आहे आणि जप आहे तेरा अक्षरी रामनामाचा. राहण्या-जेवणाचे पैसे मागितले जात नाहीत; द्यायचे तर देणगी द्या आणि पावती घ्या. नामाचा अनुग्रह हवा असेल तर मंदिराच्या कार्यालयात चौकशी करा. ओळखपत्र, अंथरूण-पांघरुणाची चादर आणि साधे कपडे बरोबर ठेवा. मार्गशीर्ष वद्य दशमीला पुण्यतिथी असते, त्या सुमाराला आणि रामनवमीला गर्दी उसळते. शांतपणे बसायचं असेल तर हे दिवस टाळा. खर्च उरतो तो प्रवासाचा. एसटीत राज्याच्या हद्दीत महिलांना निम्मं भाडं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड विसरू नका.

रामकृष्ण मठ पुण्यात दांडेकर पुलाजवळ, मुंबईत खारला, नागपुरात धंतोलीला आहे. मंत्रदीक्षेचं शुल्क नाही, पण आज गेलात आणि उद्या मिळाली असंही नाही. आधी काही पुस्तकं वाचायला सांगतात, अर्ज भरून घेतात, बोलतात, मग रामकृष्ण संघाचे ज्येष्ठ संन्यासी दीक्षा देतात तेव्हा तारीख कळते. काही महिने थांबायची तयारी ठेवा. ही थांबण्याची अट मला भरवशाची खूण वाटते. गिऱ्हाईक हवं असणारा माणूस तुम्हाला थांबवत नाही.

इस्कॉनमध्ये जप शिकायला पैसे नाहीत. दीक्षा मात्र लांबची गोष्ट आहे: सोळा माळांबरोबरच मांसाहार, नशा, जुगार आणि विवाहबाह्य संबंध वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा असते, आणि चहा-कॉफीही नशेत धरतात. घरच्यांना विश्वासात घेतल्याशिवाय तिकडे वळू नका.

एक गल्लत नेहमी होते. इगतपुरीच्या धम्मगिरीवरचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर मोफत आहे, म्हणून मंत्रध्यान शिकायला लोक तिथे अर्ज करतात. तिथे मंत्र नाही. उलट शिबिराच्या काळात तुमचा जप आणि माळ बाजूला ठेवायला सांगतात. शेवटचा दिवस सोडून मौन असतं, फोन जमा करावा लागतो. दान शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. विपश्यना करायची असेल तर जरूर जा, जपासाठी जाऊ नका.

आता शुल्क घेणारे. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाची शिकवणी ठरलेल्या सात टप्प्यांची असते. आधी माहितीची व्याख्यानं आणि मुलाखत, मग व्यक्तिगत दीक्षा, त्यानंतर लागोपाठ तीन दिवस तपासणीच्या बैठका. पुढे रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटं. दीक्षेला फळं, फुलं आणि पांढरा रुमाल न्यावा लागतो. शुल्क देशागणिक वेगळं, अमेरिकेत तर उत्पन्नानुसार. मुलांकडे परदेशी गेला असाल तर भारतात काय पडतं ते आधी विचारा, फरक मोठा निघतो. आर्ट ऑफ लिव्हिंगचा सहज समाधी हा तीन दिवसांचा वर्ग, तोही शुल्क भरून. दोन्हीकडे मंत्र कुणाला सांगायचा नसतो. म्हणजे पैसे भरण्याआधी मंत्र ऐकून ‘हा मला चालेल का’ ठरवता येत नाही. हे मान्य असेल तरच पुढे जा.

योगाच्या अंगानं शिकायचं असेल तर सांताक्रूझची १९१८ पासूनची योग इन्स्टिट्यूट, लोणावळ्याचं १९२४ पासूनचं कैवल्यधाम, ठाण्याचं घंटाळी मित्र मंडळ आणि बिहारमध्ये मुंगेरचं योग विद्यालय ही नावं पक्की आहेत. यांच्याकडे आसन-प्राणायामाबरोबर ध्यान येतं. मुंगेर परंपरेत अजपा जप, म्हणजे श्वासाबरोबरचा जप, नीट पायऱ्यांनी शिकवतात. निवासी शिबिरात पैशांचा मोठा भाग खोलीचा असतो. एकट्याची खोली आणि सामायिक खोली यांतला फरक विचारा. सामायिक खोलीत शिकवणी काही कमी मिळत नाही. घराजवळच्या ओंकार वर्गापासून सुरुवात केलीत तर याहून पुष्कळ स्वस्त पडेल.

न सांगितलेले पैसे

शुल्क भरल्यावर जे निघतं ते इथे येतं. पैसे भरायच्या आधी हे लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर विचारलंत तरी चालेल, पण उत्तर अक्षरात हवं: जीएसटी धरून की वेगळा? दीक्षेच्या दिवशीची दक्षिणा शुल्कात आहे की वेगळी? पुस्तकं, फोटो, आसन, माळ यांचा संच सक्तीचा आहे का? पुढच्या टप्प्याचं शिबिर न केल्यास आधीचं वाया जातं असं सांगणार आहात का? आजारी पडलो तर किती पैसे परत, आणि किती दिवसांत?

दोन वर्षांपूर्वी आईला एका शिबिराला नेलं होतं. शुल्क माफक. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर नावं पुकारून ‘साधना संच’ वाटला आणि दारात पैशांची वही ठेवली. आईनं नको म्हटलं नाही. चार बायकांत कोण म्हणणार? शुल्काच्या दुप्पट पैसे त्या संचाला गेले. त्यातली अगरबत्ती संपली, बाकीचं कपाटात आहे. म्हणून ‘ऐच्छिक’ या शब्दाची परीक्षा सांगते. कोपऱ्यात बंद पेटी असेल तर ते ऐच्छिक. माणूस वही घेऊन समोर उभा असेल तर ते ऐच्छिक नाही. तिथे एकच वाक्य पाठ ठेवा: ‘घरी विचारून ऑनलाइन देईन.’ आई-वडिलांना एकटं पाठवत असाल तर हे वाक्य त्यांनाही शिकवा.

देणगीवर आयकराची सवलत मिळेल असं सांगून शुल्क आकारतात. शुल्क वेगळं, देणगी वेगळी. शिकवणीच्या बदल्यात दिलेले पैसे देणगी ठरत नाहीत. खरी देणगी असेल तरी २,००० रुपयांवरची रोख रक्कम सवलतीत धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ही सवलतच नाही.

मोबाइल ॲपचा फास वेगळा. सात दिवस मोफत, आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले जातात. ॲप काढून टाकलं तरी वर्गणी बंद होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत किंवा प्ले स्टोअर, ॲप स्टोअरच्या वर्गण्यांत जाऊन ती रद्द करावी लागते. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी संदेश येणं बंधनकारक आहे. असा संदेश न वाचता पुसू नका. खरं तर जपाला ॲप लागतच नाही. गजराचं घड्याळ पुरतं.

‘तुमच्या वतीनं जप’

हे विकणारे वाढले आहेत, म्हणून हिशोब मांडते. सव्वा लाख महामृत्युंजय जप, तुमच्या नावानं, उद्या पूर्ण, प्रसाद कुरिअरनं. एका मंत्राला आठ सेकंद धरले तर सव्वा लाखाला दहा लाख सेकंद, म्हणजे सुमारे २७८ तास. रोज आठ तास बसणारी पाच माणसं त्याला सात दिवस घेतील. एका दिवसात उरकायला पस्तीस माणसं लागतील. विचारा: किती जण, कुठे बसणार, मी येऊन बघू का? घरच्या आजारपणात कुणाला ब्राह्मण बसवून जप करवून घ्यायचा असेल तर ती श्रद्धेची गोष्ट आहे, पण ओळखीच्या गुरुजींकडून, समोर बसून करवा. आणि तुम्हाला ध्यान शिकायचं असेल तर हा रस्ताच नाही. दुसऱ्यानं केलेल्या जपानं तुमचं मन बसायला शिकत नाही.

कागद, तब्येत, तक्रार

साध्या वर्गाला कागद लागत नाहीत. निवासी शिबिराला आधार कार्ड, एक-दोन फोटो, आणीबाणीसाठी घरच्यांचा नंबर, औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी. परदेशी नागरिकत्व असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा. पॅनकार्ड, बँकेचं पासबुक, जन्मवेळ कुणी मागितली तर कशासाठी ते विचारा. ध्यान शिकायला यांतलं काही लागत नाही. पावतीवर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि ‘कशाबद्दल’ हे असलंच पाहिजे. संस्थेच्या नावानं शिबिर आणि पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर, असं असेल तर भरू नका.

नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांवर उपचार चालू असतील तर आधी तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तरी मौनाच्या लांब शिबिराऐवजी घरी दहा मिनिटं बसा. औषध बंद करा असं सांगणारा शिक्षक कितीही नामांकित असो, त्याच दिवशी त्याला सोडा. जप करताना घाबरं झालं, झोप उडाली, आवाज ऐकू येऊ लागले तर ‘साधना वर चढतेय’ या समजुतीत राहू नका. थांबा आणि डॉक्टर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत असतो आणि मराठीतही बोलता येतं.

पैसे घेऊन वर्ग न घेणं, ठरलेला परतावा न देणं यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. म्हणूनच सगळं लेखी ठेवा म्हणते. कुणी चमत्काराच्या नावानं पैसे उकळले, अघोरी उपाय करायला लावले, डॉक्टरकडे जाण्यापासून अडवलं, तर तो ग्राहक तक्रारीचा विषय राहत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा गोष्टींसाठीच आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. थेट पोलिस ठाण्यात जा.

आता पहिल्या चाळीस दिवसांचा खर्च मांडा. आसन घरातलं, मंत्र घरातला, मोजायला बोटांची पेरं. हवीच असेल तर तुळशीची माळ, जास्तीत जास्त दोनशे रुपये. उद्या सकाळी पंधरा मिनिटं काढा आणि बसा. शिबिराचा अर्ज चाळीस दिवसांनी भरा.